बायबल कोणत्याही सम्राटाने ठरवलेले नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जगातील धर्मग्रंथांच्या उगमाविषयी जी लेखमाला सुरू आहे, तिच्यातील बायबलवरील लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेखकाची भाषा संयत आहे आणि कोणाचा अवमान करण्याचा त्यांचा हेतू नाही, हे मनापासून मान्य करते. तरीही लेखात दोन विधाने अशी आली आहेत की ती तशीच राहू देणे मला योग्य वाटत नाही. पहिले असे, की ख्रिस्ती लोकांच्या मते बायबलचे प्रत्येक अक्षर देवाने वरून सांगितले आणि माणसांनी ते केवळ उतरवून घेतले. दुसरे असे, की इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन याने निकीया येथे परिषद भरवून, मतदान घेऊन, अनेक शुभवर्तमानांमधून, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या ग्रंथांमधून, चार निवडली आणि उरलेली नष्ट करवली. पहिल्या विधानात आमच्या श्रद्धेचे चित्र चुकले आहे, दुसऱ्यात इतिहास चुकला आहे. भायखळ्यातील एका मराठी मंडळीत (चर्चमध्ये) मी लहानाची मोठी झाले, तिथल्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, वर्षानुवर्षे मुलांना पवित्र शास्त्र शिकवले, आणि तीच मुले कॉलेजात गेल्यावर नेमके हेच दोन प्रश्न घेऊन माझ्याकडे येताना पाहिली आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी इतिहास. निकीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक. तिथे परिषद भरली ती आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस याच्या शिकवणीवरून माजलेल्या वादामुळे. ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा देव आहे, की पित्याने घडवलेली सर्वांत थोर निर्मिती आहे, हा त्या वादाचा गाभा होता. परिषदेने आरियसचे मत अमान्य करून मतांगीकार (श्रद्धेचा जाहीरनामा) तयार केला, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) सर्वत्र एकाच दिवशी पाळला जावा म्हणून निर्णय घेतला, आणि मंडळीच्या शिस्तीविषयी वीस नियम केले. हे नियम आजही उपलब्ध आहेत. धर्माध्यक्षांची (बिशपांची) नेमणूक कशी व्हावी, छळाच्या काळात डगमगलेल्यांना परत कसे घ्यावे, अशा गोष्टी त्यांत आहेत. पण शास्त्रात कोणते ग्रंथ असावेत याविषयी त्यांत एक ओळही नाही. मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकातील एका ग्रीक संकलनात अशी आख्यायिका आहे, की परिषदेतील धर्माध्यक्षांनी सगळे ग्रंथ वेदीजवळ ठेवून प्रार्थना केली आणि खरे ग्रंथ तेवढे आपोआप वर आले. घटनेनंतर पाच शतकांहून अधिक काळाने लिहिलेली ही चमत्कारकथा अठराव्या शतकात व्हॉल्तेअरने उपहासासाठी वापरली, आणि अलीकडच्या काळात एका गाजलेल्या इंग्रजी रहस्यकादंबरीने तिला सम्राट, कारस्थान आणि मतपेटी यांची जोड दिली. आपल्या लेखातील विधान याच परंपरेतले आहे. कॉन्स्टंटाइनने एक गोष्ट मात्र खरोखर केली होती. आपल्या नव्या राजधानीतील प्रार्थनामंदिरांसाठी शास्त्राच्या पन्नास उत्तम प्रती करून पाठवाव्यात, असे त्याने कैसरियाचा धर्माध्यक्ष युसेबियस याला पत्राने कळवले. प्रती मागवणे आणि ग्रंथ निवडणे यांत फरक आहे, हे मी वेगळे सांगायला नको.

सम्राटाच्या हुकमाने यादी ठरली असती, तर तिच्यावरचा वाद तिथेच संपला असता. तो संपला नाही. त्याच युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात ग्रंथांची वर्गवारी केली आहे: सर्वमान्य कोणते, ज्यांविषयी काही ठिकाणी शंका आहे ते कोणते, आणि टाकाऊ कोणते. याकोबाचे पत्र, यहूदाचे पत्र, पेत्राचे दुसरे पत्र हे त्याच्या शंकास्पद गटात आहेत. आज आमच्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, असलेल्या सत्तावीस पुस्तकांची, एकही कमी वा जास्त नसलेली पहिली यादी सापडते ती आलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथानासियस याच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे निकीयानंतर बेचाळीस वर्षांनी. आणि तो ती आपल्या प्रदेशातील मंडळ्यांना सणानिमित्त लिहिलेल्या पत्रात देतो, राजाज्ञेत नव्हे. त्यानंतर उत्तर आफ्रिकेत हिप्पो येथे ३९३ मध्ये आणि कार्थेज येथे ३९७ मध्ये भरलेल्या प्रादेशिक परिषदांनी तशीच यादी मान्य केली. सिरियाक भाषेतील जुन्या बायबलात, ज्या परंपरेशी केरळातील सुरियानी ख्रिस्ती लोकांचे शतकानुशतकांचे नाते आहे, नव्या कराराची पुस्तके मुळात बावीसच होती. प्रकटीकरणाचे पुस्तक त्यांत नव्हते. इथियोपियाच्या मंडळीचे बायबल तर आमच्यापेक्षा कितीतरी मोठे आहे. इतकी विविधता जिथे टिकून राहिली, तिथे एका बैठकीत एका माणसाने सगळे ठरवले हे संभवतच नाही.

दुसरीकडे, शास्त्राचा गाभा निकीयाच्या कितीतरी आधी स्थिर झालेला होता. आजच्या फ्रान्समधील ल्योंचा धर्माध्यक्ष इरेनियस १८० सालाच्या सुमारास मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार, आणि चारच, शुभवर्तमानांचा ठामपणे पुरस्कार करतो. त्याच १८० साली कार्थेज येथे काही ख्रिस्ती स्त्रीपुरुषांवर खटला चालला. त्यांपैकी एकाला रोमन अधिकाऱ्याने विचारले, की तुमच्या पेटीत काय आहे? उत्तर आले: ग्रंथ, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रे. खटल्याची ही नोंद अगदी त्रोटक आहे, पण तिच्यातली ती पेटी मला फार बोलकी वाटते. खेड्यातून आलेली सामान्य माणसे, मृत्युदंड समोर असताना, पत्रांची पेटी जवळ बाळगून आहेत. पुढे ३०३ साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. त्या वर्षी आजच्या अल्जीरियातील कीर्ता शहरात जी झडती झाली, तिचा सरकारी वृत्तांत आजही उपलब्ध आहे. अधिकारी उपासनेत शास्त्र वाचणाऱ्या पाठकांच्या घरोघर गेले. कोणाकडे पाच ग्रंथ निघाले, कोणाकडे आठ. व्याकरण शिकवणाऱ्या एकाकडे दोन ग्रंथ आणि काही सुटी पाने. एका पाठकाच्या घरी त्याच्या पत्नीने सहा ग्रंथ आणून दिले. आणखी आहेत का पाहा, असे म्हटल्यावर ती म्हणाली, आणखी नाहीत. तरीही घराची झडती घेतली गेली. जे ग्रंथ सरकारच्या हाती दिले तर विश्वासघात ठरतो, ते कोणते आणि जे दिले तर चालतील ते कोणते, हे अशा वेळी घरातल्या माणसांना ठाऊक असावेच लागते. माझ्या मते शास्त्राची यादी खऱ्या अर्थाने घडली ती अशा घरांत आणि रविवारच्या वाचनांत. परिषदांनी नंतर तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

त्या काळी कसोट्या काय लावल्या गेल्या, हेही समजून घ्यायला हवे. लेखन प्रेषितांचे, म्हणजे येशूचा संदेश घेऊन गेलेल्या पहिल्या दूतांचे, किंवा त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांचे आहे का, प्रेषितांकडून चालत आलेल्या श्रद्धेशी ते जुळते का, आणि दूरदूरच्या मंडळ्यांत ते उपासनेत वाचले जाते का, या मुख्य गोष्टी पाहिल्या जात. सामान्यतः दुसऱ्या शतकाच्या अखेरीची मानली जाणारी एक लॅटिन यादी इटलीत सापडली आणि १७४० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या त्या काळी लोकप्रिय असलेल्या ग्रंथाविषयी म्हटले आहे, की तो घरी जरूर वाचावा, पण मंडळीत सर्वांसमोर प्रेषितांच्या लेखनाबरोबर वाचू नये, कारण तो अलीकडचा आहे. या निर्णयात द्वेष नाही, जाळपोळ नाही. ग्रंथ चांगला आहे, पण तो शास्त्र नाही, एवढेच.

आता पहिल्या विधानाकडे वळते, कारण तेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे वेदांना अपौरुषेय मानण्याची थोर परंपरा आहे, आणि कुराण हे शब्दशः अवतरलेले आहे अशी मुसलमान बांधवांची श्रद्धा आहे. या दोन्हींविषयी मला आदर आहे. पण त्यामुळे असे गृहीत धरले जाते, की प्रत्येक धर्म आपल्या ग्रंथाविषयी असाच दावा करतो, आणि मग बायबलात मानवी हात दिसला की जणू ख्रिस्ती श्रद्धेचे पितळ उघडे पडले असे वाटते. आमचा दावा मुळात तसा नाहीच. पवित्र शास्त्र देवप्रेरित आहे असे आम्ही मानतो, आणि ते माणसांनी लिहिले असेही मानतो. यांपैकी एक गोष्ट दुसरीला खोडत नाही. देवाने माणसांची स्मृती, त्यांची भाषा, त्यांचे कष्ट, त्यांचा स्वभाव, इतकेच काय त्यांची भांडणेसुद्धा वापरून आपले वचन दिले, ही आमची श्रद्धा आहे.

हे बायबल स्वतःच किती मोकळेपणाने सांगते! यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय वाचकांनी अवश्य पाहावा. इ. स. पू. ६०५ च्या सुमाराची ही हकिगत आहे. यिर्मयाला मंदिरात जाण्याची बंदी आहे, म्हणून तो सांगतो आणि बारूख नावाचा लेखक शाईने गुंडाळीवर उतरवतो. बारूख ती मंदिरात वाचून दाखवतो. मग ती राजा यहोयाकीमपुढे नेली जाते. हिवाळ्याचे दिवस आहेत, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला आहे. तीनचार रकाने वाचून झाले, की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो; असे करत करत संपूर्ण गुंडाळी जळून जाते. त्यानंतर यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूखला पुन्हा सारे सांगतो, आणि अध्यायाचे शेवटचे वाक्य असे आहे, की तशाच आणखी पुष्कळ गोष्टी तीत घालण्यात आल्या. म्हणजे आमच्या शास्त्रातच नमूद आहे, की शास्त्राचा एक भाग दुसऱ्यांदा लिहिला गेला, तो पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि तो लिहिणाऱ्याचे नाव बारूख होते. ज्यांनी हे लपवले नाही, त्यांना ‘आकाशातून पडलेला ग्रंथ’ अशी कल्पना मान्य असती असे कसे म्हणता येईल?

नव्या करारातही तेच. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच थियफील नावाच्या सद्गृहस्थाला सांगतो, की या घटनांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या त्यांनी त्या आम्हांला सांगितल्या, आणि मीही सर्व गोष्टींचा मुळापासून बारकाईने शोध घेऊन त्या क्रमवार लिहीत आहे. हे साक्षात्काराचे वर्णन नाही, हे परिश्रमपूर्वक केलेल्या संशोधनाचे वर्णन आहे. पौलाची पत्रे तर पत्रेच आहेत. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण ५० सालचे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांपेक्षा जुने. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस नावाचा लेखनिक स्वतःच्या नावाने नमस्कार कळवतो. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, की मी तुमच्यापैकी अमक्यातमक्याशिवाय कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्याला स्तेफनाच्या घरच्यांची आठवण होते, आणि याशिवाय आणखी कोणाचा केला असेल तर मला आठवत नाही, अशी पुस्ती तो जोडतो. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात त्रोवस येथे राहिलेला झगा आणि चर्मपत्रे घेऊन येण्याची विनंती आहे. शब्बाथशाळेत मी हे वचन शिकवत असे, तेव्हा मुले विचारत, बाई, झग्याची गोष्ट देवाचे वचन कशी? तो प्रश्न मला नेहमीच योग्य वाटत आला. त्याचे उत्तर असे, की तुरुंगात थंडी सोसणाऱ्या माणसाकडूनच देवाने आपला निरोप पाठवला, आणि मंडळीने पत्र जपताना थंडीचा भाग वगळला नाही.

शब्द न् शब्द देवाने उच्चारून लिहवून घेतला, असे मानणारे ख्रिस्ती कधीच नव्हते, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या शतकातील अथेनागोरस पवित्र आत्म्याला बासरीवादकाची आणि संदेष्ट्याला बासरीची उपमा देतो. १६७५ मध्ये स्वित्झर्लंडमधील प्रॉटेस्टंट पंडितांनी हिब्रू लिपीतील स्वरचिन्हेसुद्धा देवप्रेरित असल्याचे प्रतिपादन केले होते. आजही पुष्कळ ख्रिस्ती बायबल संपूर्णपणे निर्दोष आहे असे मानतात. पण या मताचा सर्वांत काटेकोर आधुनिक मसुदा, म्हणजे १९७८ चे शिकागो निवेदन, तेसुद्धा असेच म्हणते, की देवाने लेखकांची व्यक्तिमत्त्वे आणि लेखनशैली कामी लावल्या, त्या पुसून टाकल्या नाहीत; आणि निर्दोषत्वाचा दावा ते मूळ हस्तलेखांपुरता करते. दुसऱ्या टोकाला कॅथलिक मंडळी पाहा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘देई वर्बुम’ या नावाने जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात बायबलच्या मानवी लेखकांना खरेखुरे लेखक म्हटले आहे, आणि त्यांना काय सांगायचे होते हे समजण्यासाठी त्यांच्या काळातील लेखनप्रकार ध्यानात घ्यावेत असे सांगितले आहे. काव्य काव्य म्हणून वाचावे, इतिहास इतिहास म्हणून. म्हणजे परस्परांशी अनेक बाबतींत न पटणाऱ्या या दोन प्रवाहांचे, देवाने माणसांना नुसते लेखणीसारखे वापरले नाही, याविषयी एकमत आहे. लेखात ख्रिस्ती श्रद्धा म्हणून जी मांडली, ती या दोघांपैकी कोणाचीच नाही.

जुन्या कराराविषयी लेखात जेमतेम एक वाक्य होते, त्यामुळे एक ऋण मान्य करायचे राहून गेले. हे ग्रंथ यहुदी लोकांचे आहेत आणि आजही त्यांचेच आहेत. आम्हांला ते वारशाने मिळाले, कारण येशू आणि त्याचे प्रेषित हे यहुदीच होते आणि त्यांचे शास्त्र हेच होते. नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहून वाचतो, ते यशयाच्या गुंडाळीतून. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या शिक्षकाने जुना करार टाकून द्यावा, आणि लूकच्या शुभवर्तमानातील व पौलाच्या पत्रांतील यहुदी छाप पुसलेले भाग तेवढे ठेवावेत, अशी शिकवण रोममध्ये दिली. मंडळीने ती नाकारली. तो निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो.

यहुदी ग्रंथांपैकी नेमके किती घ्यावेत, यावर मात्र आमच्यात मतभेद आहे आणि तो मुंबईत सहज दिसतो. येशूच्या काळाआधीच आलेक्झांड्रियात हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर झाले होते, आणि त्या परंपरेत काही अधिक ग्रंथ होते. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हिब्रूत नसलेल्या ग्रंथांना दुय्यम मानले. त्याच काळात ऑगस्टिनने ते शास्त्रच आहेत असे म्हटले. हा वाद एक हजार वर्षांहून अधिक काळ मिटला नाही. मार्टिन लूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात हे ग्रंथ दोन करारांच्या मध्ये वेगळे छापले. कॅथलिक मंडळीने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत त्यांना शास्त्रात कायम केले. म्हणून माझ्या बायबलात सहासष्ट पुस्तके आहेत आणि माझ्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या बायबलात त्र्याहत्तर. त्यांच्या घरच्या लग्नात तोबितच्या ग्रंथातील नवविवाहित जोडप्याची प्रार्थना वाचली गेली, तेव्हा ती अतिशय सुंदर वाटली. आमच्या मंडळीत मात्र ती शास्त्रपाठ म्हणून वाचली जाणार नाही. अँग्लिकन मंडळीने मधला मार्ग काढला: हे ग्रंथ आचरणाच्या बोधासाठी वाचावेत, पण त्यांवर सिद्धांत उभारू नये.

मग या ग्रंथाला प्रमाण का मानायचे आणि त्याचा अर्थ कोणी सांगायचा, हा प्रश्न उरतो, आणि ख्रिस्ती लोकांत खरी चर्चा चालते ती यावर. कॅथलिकांचे म्हणणे असे, की शास्त्र आणि प्रेषितांकडून आलेली जिवंत परंपरा हे एकाच उगमाचे दोन प्रवाह आहेत, आणि त्यांचा अधिकृत अर्थ सांगण्याची जबाबदारी मंडळीच्या अध्यापनाधिकाराकडे आहे. तो अधिकार वचनाच्या वर नाही, वचनाचा सेवक आहे, असेही ‘देई वर्बुम’ स्पष्ट करते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्याही शास्त्राला परंपरेच्या आत ठेवूनच वाचतात. आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतो, की परंपरा, परिषदा, धर्मगुरू या सर्वांना मान द्यावा, पण शेवटचा निवाडा शास्त्राचा. मंडळीने शास्त्राला अधिकार दिला नाही, तिने तो ओळखला, असे आमच्या पूर्वसूरींनी सतराव्या शतकात वेस्टमिन्स्टर येथे मांडले. माझी निष्ठा याच मताशी आहे. पण कॅथलिक मित्र जेव्हा विचारतात, की ओळखायला आधी मंडळी होतीच ना, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे वजन मला जाणवते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. नवा करार लिहून होण्याआधी मंडळी प्रार्थना करत होती, भाकर मोडत होती, मरत होती.

एक गोष्ट मात्र दोघांनाही मान्य आहे, आणि लेखात तिचा उल्लेखच नव्हता. आमच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी ग्रंथ नाही, व्यक्ती आहे. देवाचे वचन देही झाले ते येशूमध्ये, असे योहान लिहितो; आणि येशूने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. शास्त्र हे त्याच्याविषयीची साक्ष आहे, आणि त्याचा अधिकार त्या साक्षीचा अधिकार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण मराठी वाचकांना माहीत आहे. आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो त्यांनी वाचायला घेतला तो कोणत्याही परिषदेच्या आज्ञेवरून नव्हे. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वाचता वाचता वाचकाच्या अंतःकरणात पवित्र आत्मा साक्ष देतो, असे सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने म्हटले आहे, ते हेच. बाहेरून पाहणाऱ्याला हा पुरावा वाटणार नाही, हे मी समजू शकते. पण ख्रिस्ती माणूस बायबल प्रमाण का मानतो याचे वर्णन करायचे असेल, तर हे सोडून ते पूर्ण होत नाही.

नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते उपलब्ध आहेत आणि त्यांत असंख्य पाठभेद आहेत, ही गोष्ट लेखात गौप्यस्फोटाच्या सुरात आली होती. त्यात गुपित काहीच नाही. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने, किंवा योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही; आणि हे सांगणारी तळटीप किंवा कंस आधुनिक बायबलांच्या त्याच पानावर असतो. ती टीप छापणारे ख्रिस्तीच आहेत. १९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरान येथे जी हस्तलिखिते मिळाली, त्यांत यशयाची एक गुंडाळी आहे. तोवर उपलब्ध असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षांनी जुनी. फरक सापडले, त्यांतील बरेचसे वर्णलेखनाचे, काही खऱ्या अर्थाने लक्षणीय, आणि नव्या भाषांतरांनी त्यांची दखल घेतली. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्यामुळे ज्ञानेश्वरीचे प्रामाण्य उणावले असे कोणी वारकरी म्हणत नाही.

भाषांतराबाबतही आमची भूमिका ध्यानात घ्यावी. ग्रीक वा हिब्रू न जाणणारा माणूस बायबल मराठीत ऐकतो, तेव्हा तो शास्त्रच ऐकतो, त्याचा सारांश नव्हे, असे आम्ही मानतो. म्हणूनच बंगालमधील श्रीरामपूरला (सेरामपूरला) मिशनरी विल्यम केरी यांनी पंडितांच्या साहाय्याने १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार छापला, मुंबईत अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपले भाषांतर काढले, आणि पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी वेचली. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांना, ज्यांना कोणतेच शास्त्र वाचू दिले गेले नव्हते, ते वाचता यावे हा त्यामागचा ध्यास होता.

बायबलात कठीण भाग आहेत. युद्धांत संपूर्ण नगरांचा संहार, गुलामांना आज्ञाधारक राहण्याचा उपदेश, स्त्रियांनी सभेत गप्प राहावे असे सांगणारी वचने. ज्यांच्या मनाला हे बोचते त्यांचे बोचणे खरे आहे, आणि याच वचनांचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी अन्यायही केला आहे. गुलामगिरीच्या बाजूने आणि तिच्या विरुद्ध, दोन्हीकडून शास्त्राचेच दाखले दिले गेले. शास्त्र प्रमाण मानले म्हणजे अर्थ लावण्याचे ओझे उतरत नाही, ते वाढते. यावर लेखकांनी टीका केली असती, तर मी हे पत्र लिहिले नसते.

लेखमालेचे पुढे पुस्तक होणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. तेव्हा माझी विनंती अशी, की निकीयाविषयीच्या विधानाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तितक्याच ठळकपणे छापावी, म्हणजे शाळांच्या फलकांवर लावल्या जाणाऱ्या कात्रणांबरोबर तीही पोहोचेल. आणि पुस्तकासाठी बायबलचे प्रकरण नव्याने लिहिताना गोरेगावचे सेंट पायस कॉलेज किंवा पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी यांसारख्या, हा विषय रीतसर शिकवणाऱ्या संस्थांतील एखाद्या कॅथलिक आणि एखाद्या प्रॉटेस्टंट अध्यापकाला ते छपाईपूर्वी दाखवावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
भायखळा, मुंबई